पाठमोरं न्यायालय

आमच्याकडे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.
जोहान्सबर्गच्या या टेकडीवर
ती उतरावी लागते.

न्यायासनाच्या मागे, अकरा डोक्यांच्या वर,
भिंतभर आडवी काचेची एक पट्टी आहे,
बाहेरच्या जमिनीच्या पातळीला.
आत बसलेल्यांना तिच्यातून नुसते पाय दिसतात,
शाळेचे बूट, टायरच्या चपला, मध्येच एखादं कुत्रं,
देशातल्या सगळ्यात मोठ्या खुर्च्यांच्या डोक्यावरून
बिनदिक्कत चाललेलं.

ही काच सेइपाती पुसते.
बादली, रबराचं पातं, जुनं वर्तमानपत्र.
सोळा वर्षं.

इथे आधी तुरुंग होता.
तिचा बाप मोलेफी इथेच होता, नंबर चारमध्ये,
नव्वद दिवस, खिशात पासबुक नव्हतं म्हणून.
ते दुसऱ्या कोटात राहिलं होतं.
संध्याकाळी कामावरून परतलेल्या कैद्यांना
नागडं करून उड्या मारायला लावत,
हात वर, तोंड उघडं, टाळी,
काही लपवलंय का ते बघायला.
बाप एवढंच सांगायचा.
मग पाइप पेटवायला त्याला चार काड्या लागायच्या.

सर्वोच्च न्यायालय तेव्हाही होतंच.
चारशे किलोमीटरवर, ब्लूमफाँटेनला,
गुळगुळीत लाकडाच्या भिंतींत
कायदा अगदी काटेकोर वाचला जायचा,
स्वल्पविराम कुठे, ‘किंवा’ कुठे, ‘आणि’ कुठे.
दुसऱ्या कोटाबद्दल त्यात काही नव्हतं.

मग राज्य बदललं.
नवं कोर्ट आधी भाड्याच्या जागेत बसलं
आणि बसल्या बसल्या त्याने फाशी रद्द केली.
मोलेफी म्हणाला, बरं झालं.
थोड्या वेळाने म्हणाला,
तो दोर कुठे ठेवला असेल रे त्यांनी?

पुढे तुरुंगाचा एक भाग पाडला,
त्याच्याच विटा कोर्टाच्या भिंतीत रचल्या.
पाहुणे येतात, विटेवर हात ठेवतात, डोळे मिटतात.
सेइपाती ठेवत नाही.
‘वीट ती वीट,’ म्हणते, ‘धूळ धरते.’

गेल्या ऑगस्टात नोमाव्हेतूच्या इमारतीचा निकाल होता.
हिलब्राऊमधली, सहा मजल्यांची,
लिफ्टच्या खड्ड्यात कचरा,
एकशे चाळीस माणसं, एक नळ.
मालकाला ती रिकामी हवी होती.
नोमाव्हेतू चर्चचा निळा डोईरुमाल बांधून आली होती.

बाहेर कोरडा वारा, काचेवर लाल धूळ,
आणि सेइपाती गुडघ्यांवर, मान वाकडी करून.
काचेतून आवाज येत नाही.
तिला दिसत होती अकरा पाठमोरी डोकी,
एक टक्कल, एक बारीक वेण्यांचं,
हिरवे झगे, त्यातल्या एकाचं लेबल मानेशी बाहेर आलेलं.
एक पान उलटलं. आणखी एक.
ओठ कुणाचे हलतायत तेही कळेना,
म्हणून तिने समोरच्या बाकांवरचे चेहरे वाचायला घेतले.

वकिलाने पेनाला टोपण लावलं.
एक पोरगा छताकडे बघत उभाच राहिला, त्याला कुणीतरी खाली ओढलं.
नोमाव्हेतू हसत नव्हती, रडत नव्हती.
ती बोटं मोजत होती.

नंतर कळलं,
महापालिका दुसरं छप्पर देत नाही तोवर
कुणालाही बाहेर काढायचं नाही.
छप्पर चार महिन्यांत द्यायचं.
म्हणजे ती चार बोटं होती.

आता जून आहे. छप्पर आलेलं नाही.
नळ तोच, रांग तीच.
पण रात्री हातोडे घेऊन येणारी माणसं
येईनाशी झालीत,
आणि जिन्यात कुणीतरी दिवा लावलाय.

त्या दिवशी बाहेर पडताना नोमाव्हेतूने
सेइपातीला बाजूला घेतलं.
‘सबंध वेळ तुझे गुडघे दिसत होते मला,’ म्हणाली,
‘मधल्या बाईंच्या बरोबर डोक्यावर.
उजवा मोजा फाटलाय.
शिवून घे.’